तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला गेम घेऊ?

बेळगावच्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून दोघं-तिघं तरी विचारतातच, "काका, कुठला गेम घेऊ सांगा की ओ."

'कॉन्ट्रा'पासून सुरू करतो, कारण आम्ही कॅसेट फुंकून घालणारी पोरं. दोघांनी मिळून खेळायला त्याच्यासारखा गेम नाही. खोट एकच, धबधब्याची लेव्हल. भाऊ घाईनं वर उड्या मारत जायचा, पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला मी फुकट मरायचो. त्यावरून झालेली भांडणं अजून निघतात.

'क्रिकेट 07' साध्या मशीनवरही पळतो, रिची बेनो यांची कॉमेंट्री ऐकायला मिळते. पण एक शॉट हाताला बसला की चौकारच चौकार, मग मजा संपली. पुण्यात तयार झालेला 'राजी' दिसायला देखणा, मारामारी मात्र अडखळती, आणि रंगात येतो तोवर संपतो. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या 'बीजीएमआय'बद्दल एवढंच: मॅच मध्येच थांबवता येत नाही. ताट वाढलेलं असलं तरी नाही.

माझ्या आवडीचा 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून केलेला, 2016 साली आला. शेतीचा गेम. पाऊस पडला की त्या दिवशी पिकाला पाणी घालायला नको, एवढ्यावरसुद्धा मी खूश असतो. 28 दिवसांचा हंगाम संपला की कालचं हिरवं पीक एका रात्रीत वाळतं, हेही पटतं.

पटत नाही तो बाजार. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं कंद, त्याचं बी 20 ला, चार दिवसांत पीक तयार, विक्री 35 ला. रात्री विक्रीच्या पेटीत टाकायचं, सकाळी पैसे हातात. अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. एक टाका नाहीतर तीनशे टाका, दर तोच. आमची उचगावकडं रताळी असतात. सगळ्यांची एकदम निघाली की मार्केट यार्डात काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे.

एकदा आप्पा मागं उभं राहून बघत होते. "ह्याचा दर कोण ठरवतंय?" मी म्हटलं, ठरलेलाच असतो, पडत नाही. बराच वेळ गप्प राहिले.

"मग तिथं रान मिळतंय काय बघ की."