बारा थाऊ

२६ मार्च २०२३, रविवार होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रविवारी सगळं सामसूम असतं, पण त्या दिवशी सकाळी सातला मी माझं मशीन शॉप उघडलं होतं. कामावरच्या मुलांनाही बोलावून घेतलं होतं. रात्रभर प्रवास करून एका सरकारी प्रयोगशाळेतून दोन माणसं येणार होती. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. विमानं आणि अग्निबाण यांच्या संशोधनासाठी विंड टनेल (मॉडेलवर वेगानं हवा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) असलेल्या सरकारी जागा देशात एकापेक्षा जास्त आहेत, त्यातली एक म्हणा.

माझं शॉप लहान आहे. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक जुनं होनिंग मशीन (भोक आतून घासून अचूक मापाला आणणारं), सहा माणसं. एरवी हायड्रॉलिक सिलिंडरची कामं चालतात, बेळगावात बरीच शॉपं त्यावरच जगतात. विमानाशी संबंध म्हणाल तर जवळच्या हत्तरगीला २००९ पासून सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, तिथे एअरबस-बोईंगचे भाग बनतात. पण ती मोठी मंडळी. आम्हाला ही ऑर्डर मिळाली ती दर कमी भरल्यामुळे.

काम होतं अॅल्युमिनियम ब्रॉन्झच्या एका बुशचं, म्हणजे शाफ्ट (दांडा) ज्यातून सरकतो त्या पोकळ नळकांड्याचं. बोअर, म्हणजे आतलं भोक, सात इंच. ही बुश कुठे बसते ते सांगायला हवं. त्यांचं विंड टनेल ब्लोडाउन जातीचं आहे. कॉम्प्रेसर बराच वेळ चालवून मोठाल्या टाक्यांमध्ये हवा दाबून भरायची आणि मग ती अर्ध्या मिनिटात मॉडेलवरून सोडायची. टाकीतला दाब क्षणाक्षणाला उतरत असतो, पण मॉडेलवर येणारा दाब मात्र हलता कामा नये. ते सांभाळतो मध्ये बसवलेला एक व्हॉल्व्ह. त्याचा शाफ्ट ज्या बुशमधून सरकतो, ती झिजली की शाफ्ट थरथरतो, दाब हलतो आणि त्या अर्ध्या मिनिटाची सगळी मोजमापं वाया जातात.

दोघं आली. एक शास्त्रज्ञ मॅडम, पस्तिशीच्या, कन्नड बोलणाऱ्या. दुसरे त्यांचे टेक्निशियन. ते निघाले खानापूर तालुक्यातले! दारातच म्हणाले, "आमचं गाव हितनं तासाभराचं बगा. पण नोकरीत जल्म गेला भायेर." मी त्यांना लगेच मामा म्हणायला लागलो.

पोत्यात गुंडाळून त्यांनी जुनी बुश आणली होती, सोबत अमोनिया प्रिंटचं (जुन्या पद्धतीच्या छपाईचं) ड्रॉइंग. कडा फाटलेल्या, मापं इंचात. मूळ परदेशी कंपनीनं तो व्हॉल्व्ह बनवणं केव्हाच बंद केलंय. चहा पिताना मॅडमनी फाइलचा प्रवास सांगितला. अंदाजपत्रक केलं जून २०२२ मध्ये. काम १ लाख ४० हजारांचं, ५ टक्के जीएसटी धरून १ लाख ४७ हजार. त्यावेळी सार्वजनिक संशोधन संस्थांना लागणाऱ्या उपकरणांवर आणि सुट्या भागांवर सवलतीचा ५ टक्के दर होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली, दर १८ टक्के झाला. त्याच बुशचे आता १ लाख ६५ हजार २०० होत होते आणि मंजुरी होती १ लाख ४७ हजारांचीच. वाढीव १८ हजारांसाठी फाइल पुन्हा वर पाठवायची तर ३१ मार्च उलटला असता, आणि उलटल्यावर मंजूर पैसेसुद्धा परत गेले असते. मंजुरी हातात आली होती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा मॅडमनी फोन करून हे सगळं सरळ सांगितलं होतं आणि मी मूळ दर १ लाख २४ हजार ५०० वर आणला होता. त्यात माझा नफा उरला नाही. पण खर्च तरी निघत होता, आणि काम करावंसं वाटत होतं.

एका हातानं द्यायचं आणि कराच्या रूपानं दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. त्यातलेच पैसे असे परत फिरतात.

कास्टिंग आम्ही शेजारच्या फाउंड्रीतून आधीच ओतून आणलं होतं. बाहेरची बाजू टर्न झाली होती, बोअरला रफ कट घेऊन मटेरियल ठेवलं होतं. ड्रॉइंगवर बोअर ७.००० इंच, शाफ्ट ६.९९७. मी जुनी बुश न झिजलेल्या टोकाला मोजली. तीही सात इंच. ड्रॉइंग आणि नमुना दोन्ही जुळत होते, म्हणून फिनिश कटला हात घालणार, तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला.

"ड्रॉइंगवर जाऊ नकासा. शाफ्ट बारा थाऊ बारीक हाय."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मॅडम उठून उभ्याच राहिल्या. मामांनी जे सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी शाफ्टवर खोल ओरखडे पडले होते. नव्या शाफ्टला पैसे नव्हते, म्हणून आहे तोच ग्राइंड करून ६.९८५ ला आणला आणि त्या मापाची दुसरी बुश स्वतःच्या वर्कशॉपमध्येच बनवून बसवली. तीच आजही आत आहे, तीच झिजलीय. आणलेला नमुना त्याच्याही आधीचा, स्टोअरमध्ये पडून राहिलेला. व्हॉल्व्ह उघडून बघावं तर टनेलवर चाचण्यांची रांग, बंद ठेवायची परवानगी दोनच दिवसांची, तीही नवी बुश पोचल्यावर. ड्रॉइंग कुणी सुधारलं नाही. ज्यांनी ग्राइंडिंग केलं त्यातले बाकीचे निवृत्त झाले.

मामांनी पिशवीतून एक वही काढली. शाळेची असते तसली, दोनशे पानी. त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: शाफ्ट ६.९८५, बुश ६.९८८.

मी ड्रॉइंगप्रमाणे केलं असतं तर तीन थाऊच्या जागी पंधरा थाऊ गॅप राहिला असता. मिलिमीटरमध्ये ०.०८ ऐवजी ०.३८. नवी कोरी बुश, आणि शाफ्ट जुनीपेक्षाही जास्त हलला असता. तपासणीत ती पासही झाली असती, कारण तपासणी ड्रॉइंगवरून होते.

"मामा, हे आधी का नाही सांगितलंत?" मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं. ते म्हणाले, फाइल माझ्याकडे आलीच नाही. टेक्निशियनची सही लागत नाही त्यावर.

शुक्रवारी, ३१ तारखेला, मामा निवृत्त होणार होते.

बोअर संपवायला दुपार झाली. शेवटचे दोन थाऊ होनिंगवर काढले. दर काही स्ट्रोकनंतर थांबून, बुश थंड होऊ देऊन बोअर गेज लावायचा. ब्रॉन्झ गरम असताना माप घेतलं की फसवतं. मामा स्टूल ओढून जवळच बसले होते, गेज त्यांनीच धरला.

मध्येच डोक्यावरून विमान गेलं, बेळगावच्या संब्रा विमानतळावरून उठलेलं स्टार एअरचं एम्ब्राएर. मॅडम वर बघून म्हणाल्या, याचा उगम ठाऊक आहे का? ब्राझीलच्या सरकारी वैमानिकी केंद्रात बांदेइरांते नावाचं छोटं प्रवासी विमान तयार झालं, १९६८ मध्ये उडालं, आणि ते बनवण्यासाठी पुढच्या वर्षी एम्ब्राएर कंपनी काढली. आपली राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा त्याआधीची, १९५९ ची. तिथलं १.२ मीटरचं ट्रायसॉनिक (आवाजाच्या वेगाखाली, आसपास आणि वर अशा तिन्ही वेगांचं) टनेल १९६७ पासून चालू आहे, आपल्या अग्निबाणांची मॉडेलं त्यातून गेलीत. बांदेइरांतेच्याच जातीचं, याच प्रयोगशाळेचं विमान म्हणजे आपलं सारस. १९९१ ला रशियाबरोबर सुरू झालं, रशियाकडचे पैसे आटले. १९९८ च्या अणुचाचणीनंतरच्या निर्बंधांनी आणखी अडलं. पहिलं उड्डाण २९ मे २००४. मार्च २००९ मध्ये दुसरा नमुना बंगळुरूलगत बिदडीजवळ कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. पुढे निधी थांबला, टीम पांगली, आणि सुधारलेला नमुना उडाला तो थेट जानेवारी २०१८ मध्ये.

सारस जड झालं होतं, चुकाही झाल्या, ते मॅडमनीही मान्य केलं. "पण चूक दुरुस्त करायला तीच माणसं जागेवर लागतात," त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही. मामांच्या हातातल्या गेजकडे बघत होतो. निधी नंतर देता येतो. मधल्या वर्षांत विखुरलेली माणसं तो परत आणत नाही, असं मला तेव्हा फार तीव्रतेनं वाटलं.

बोअर ६.९८८ ला थांबला. चारही ठिकाणी सारखा.

पॅक करताना मामा म्हणाले, "नंबर पंच हाईत काय?" होते. त्यांनी बुशच्या कॉलरवर, जिथे काही घासत नाही अशा जागी, एकेक आकडा हातोडीनं उठवला. शाफ्ट ६.९८५, खाली तारीख. "फाइल कुठं जाईल सांगता येत न्हाई. पण पुढं ज्यो कोन उघडंल, त्येला हे दिसंल."

ती दोघं रात्रीच्याच गाडीनं परतली, बुश मामांच्या मांडीवर. सोमवार-मंगळवार जोडणीत गेले. बुधवारी मॅडमनी कंट्रोल रूममधून फोन लावला आणि नुसता धरून ठेवला. आधी काहीच नाही, मग घाटात धबधबा अंगावर यावा तसा आवाज, आणि अर्ध्या मिनिटानं एकदम शांत. नंतर मामांचा आवाज आला: "सुई हलली न्हाई."

माझं बिल जूनमध्ये मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले, समितीशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली. ते वाचून मी मॅडमना फोन केला, कारण ही बुश त्या मर्यादेत बसली असती आणि मार्चपर्यंत रखडली नसती. त्यांनाही बरं वाटलं होतं. मग मी मामांच्या जागेचं विचारलं. भरलेली नाही, म्हणाल्या. वही मात्र स्कॅन करून ठेवली आहे आणि ड्रॉइंग त्यांनी स्वतः दुरुस्त केलं आहे.