बाईंच्या हातातलं फडकं

आपल्या ख्रिस्ती शाळेच्या दैनंदिनीत पहिल्याच पानावर ध्येयं छापलेली असायची. त्यातलं पहिलं होतं, प्रत्येक मूल देवाच्या प्रतिमेत घडलेलं आहे. आम्ही हर्णैकडची कोळ्यांची पोरं. आमचा देव म्हणजे घरातला खंडोबा, एकवीरा आई आणि नारळी पौर्णिमेला ज्याला नारळ द्यायचा तो दर्या. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला कुणी फळ्यावर लिहून दिला नाही.

पाचवीत असताना पुढच्या बाकावरच्या मुलाला भर वर्गात उलटी झाली. पहाटे बंदरावर मासळीच्या पाट्या वाहून तो उपाशीपोटी शाळेत आला होता. मुलं नाकं दाबून मागे सरकली. शिपाईमामा बादली घेऊन धावत आले. मुख्याध्यापिका बाईंनी ती त्यांच्या हातून घेतली, पदर खोचला आणि खाली बसल्या. आधी त्याचं तोंड धुतलं, मग पाय धुतले, मग फडकं पिळून फरशी पुसली. "सकाळपासून पोटात काही नाही ना रे बाळा?" एवढंच विचारलं आणि त्याला ऑफिसात नेऊन स्वतःचा डबा उघडून दिला. भाषण नाही, काही नाही. पुढे ईस्टरच्या आधी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट वर्गात सांगितली गेली, तेव्हा आमची मान आपोआप बाईंच्या ऑफिसाकडे वळली.

सफाईची पाळी सगळ्यांना असायची, संडासाचीसुद्धा. खोताच्या घरचा असो की कातकरी वाडीतला, झाडू तोच. एका पालकांनी येऊन हरकत घेतली, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या पाळीला मी करते." दुसऱ्या दिवशी तो मुलगाच झाडू घेऊन उभा होता.

आपल्या किनाऱ्याला मिशनच्या शाळा नव्या नाहीत. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले आणि त्या भागात त्यांनी मराठी शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सनही मराठी शिकायला आपल्या हर्णैला येऊन राहिले होते. धर्मप्रसार हा त्या मंडळींचा उघड हेतू होता. त्यांनी तो लपवला नाही, आपणही लपवायचं कारण नाही. पण त्या शिक्षणातून काय उगवलं तेही पाहावं. दापोलीच्या मिशन शाळेत पां. वा. काणे शिकले आणि त्यांनी आयुष्य धर्मशास्त्राच्या इतिहासाला वाहिलं. १९६३ साली ते भारतरत्न झाले. साने गुरुजीही त्याच शाळेत होते. १९४७ मध्ये विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले. दोघांनीही धर्म बदलला नाही. एकाने तो मुळापासून अभ्यासला, दुसऱ्याने त्याला त्याचं कर्तव्य दाखवलं. ख्रिस्ती शाळेचं यश मोजायचं तर मी इथून मोजायला लागेन.

आज मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण सक्तीचं करता येत नाही, घटनेच्या २८व्या कलमातच तसं आहे. आपल्या शाळेतही बायबलच्या तासाला बसायची सक्ती नव्हती. ज्यांना बसायचं नसे ते वाचनालयात जात. मी बसायचो, कारण गोष्टी आवडायच्या. शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला निघालेला मेंढपाळ मला अजून आठवतो, कारण आमचे गणिताचे सर अगदी तसेच वागायचे. ऑगस्टमध्ये होड्या दर्यात गेल्या की कोळीवाड्यातली पोरं शाळेतून गायब. सर संध्याकाळी लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर यायचे. ओल्या वाळूत काटकीने आकडे मांडून होडीचा वाटा किती, खलाशांचे किती, हे पोरांकडूनच काढून घ्यायचे. अपूर्णांक आम्ही तिथे शिकलो, कोळंबीच्या टोपल्यांशेजारी बसून. आमच्या घरच्या धंद्याला शाळेत कुणी कधी नाक मुरडलं नाही, ते अशा शिक्षकांमुळे.

हल्ली ख्रिस्ती शाळा म्हटलं की लोकांना इंग्रजी आणि शिस्त तेवढी आठवते. इंग्रजी कुठेही मिळतं. सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी इमारत उभी राहते आहे, तिला आम्ही माजी विद्यार्थी हातभार लावूच. संचालक मंडळाला माझी एकच विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी कोळीवाड्यातल्या आणि कातकरी वाडीतल्या मुलांच्या जागा आधी भराव्यात, फी नंतर बघावी. आणि हंगाम सुरू झाला की एक शिक्षक किनाऱ्यावर पाठवावा. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च आमची बॅच देईल.