तुम्ही विचारलंत म्हणून: जागलीतली नाताळची पुस्तकं

दिवाळी अंक वाचून झाले की दरसाल दोनचार जण हमखास विचारतात, तू डिसेंबरात ती नाताळची पुस्तकं वाचतो म्हणे, आम्हाला एखादं सांग ना, कोणतं घ्यावं. आणि गावातले म्हातारे वेगळंच विचारतात, "काहून रे बाप्पा, किरिस्ताव झाला काय?" दोन्हीचं उत्तर इथं एकदाच लिहून टाकतो म्हणजे पुढच्या साली हेच दाखवता येईल.

किरिस्ताव नाही झालो. कारण साधं आहे, लाइन, म्हणजे वीज. आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात शेताची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची असते, आणि नेमकं हरभऱ्याला पाणी द्यायचं तेव्हा रात्रीचीच असते असं मला तरी वाटतं. स्प्रिंकलर एका जागी अडीच-तीन तास चालू द्यायचं, मग चिखलात उतरून पाईप उचलायचे, पुढं लावायचे, परत अडीच तास. मधल्या वेळात करायचं काय? रोही म्हणजे नीलगाई आणि डुकरं येतात म्हणून झोपता तर येत नाही, जागल म्हणजे रात्रीची राखण करावी लागते, मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसलं की सकाळपर्यंत डोळे जातात आणि बॅटरी आधी जाते. म्हणून कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं त्याचा काही उपयोग होतो का पाहावं म्हणून एका सालच्या डिसेंबरात एक जुनं पुस्तक नेलं, आणि सवयच लागली.

तेव्हा पुस्तक निवडायचा माझा पहिला नियम हाच, की दोन पाईपांच्या मधी एक तुकडा तरी पूर्ण झाला पाहिजे. दुसरा नियम नंतर तयार झाला. शेजारच्या धुऱ्यावरचे काकाजी आणि त्यांचा सालदार, म्हणजे सालभराचा गडी, शेकायला माझ्याकडं येतात, तुराट्या पेटवून बसतात आणि म्हणतात काय वाचून राह्यला, मले बी सांग. म्हणजे पुस्तक सांगता आलं पाहिजे. ज्यानं बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलाय त्याला सांगितलं तरी समजलं पाहिजे. ह्या नियमात फार पुस्तकं गळतात. मागं एकदा कव्हर पाहून एक नवीन कादंबरी ऑनलाइन मागवली, बर्फाचं घर, खिडकीत पिवळा उजेड, आत प्रेम. एक तर ती तालुक्याला येऊन पडली आणि संक्रांत झाल्यावर माझ्या हातात आली, आणि वाचली तर शहरातली पोरगी सुट्टीत गावाकडं येते अन् तिथं बेकरीवाल्याशी जमतं एवढंच. काकाजींना सांगितलं तर म्हणे मंग? मंग काही नाही.

सांगण्यासारखी म्हणाल तर ओ. हेन्रीची 'गिफ्ट ऑफ द मॅजाय', १९०५ ची, पंधरा-वीस मिनिटांची. बाईजवळ एक डॉलर सत्याऐंशी सेंट आहेत, नाताळ उद्यावर आलाय, ती नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून आपले गुडघ्याच्या खाली जाणारे केस वीस डॉलरला विकते, आणि त्यानं तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळच विकलेलं असतं. लोक ही गोष्ट वाचून डोळे पुसतात म्हणतात. आमच्या वहिनीनं ऐकली आणि म्हणाली, आधी एकमेकाला विचाराचं ना मायबाई. मग थोड्या वेळानं, पोळ्या लाटता लाटता, "केस तरी वाढतीन, घड्याळ कुठून येईन?" इतका हिशोबी प्रश्न मला बी.ए.ला कोणी विचारला नव्हता.

अँडरसनची काडीपेटीवालीची गोष्ट मात्र सांभाळून. १८४५ ची आहे आणि खरं म्हणजे ती नाताळची नाहीच, वर्षाच्या शेवटच्या रात्रीची आहे, पण लोक नाताळातच वाचतात. मी पुतणीला झोपताना सांगितली. पोरगी थंडीत एकेक काडी ओढते, उजेडात तिला शेगडी दिसते, जेवण दिसतं, आजी दिसते, आणि सकाळी ती गारठून मेलेली सापडते. पुतणी रात्रभर रडली, आणि सकाळी घरातली काडीपेटी गायब, तिनं लपवून ठेवली होती, चूल पेटवायला शेजारून आणावी लागली. लहान लेकरांना नका सांगू एवढंच.

टॉलस्टॉयची मोच्याची गोष्ट (१८८५) पण मुळात नाताळची नाही, मागाहून लोकांनी तशी करून टाकली, तरी मी डिसेंबरातच ठेवली आहे. मार्टिन तळघरात राहतो, खिडकीतून त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, आणि त्याच्याच हातचे जोडे असल्यामुळं तो जोड्यावरून माणूस ओळखतो. त्याला वाटतं उद्या देव येणार. दिवसभर येतात कोण, तर बर्फ झाडणारा म्हातारा, लेकराला घेऊन कुडकुडणारी बाई, सफरचंदं विकणारी म्हातारी. आमच्याकडं वीस डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, १९५६ साली ते अमरावतीजवळ वलगावला वारले, तर मी ही गोष्ट त्या रात्री सांगतो. काकाजींना देव कोण ते सांगावं लागत नाही, ते अर्ध्यातच म्हणतात, हाव, आलं ध्यानात, पुढं सांग.

मराठीत काही आहे का, हे पण विचारता. नाताळची म्हणून छापलेली पुस्तकं मला फार भावली नाहीत, पण मी पंचवीसच्या आठवड्यात 'स्मृतिचित्रे' काढतो. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. नारायण वामन टिळक, ज्यांची 'केवढे हे क्रौर्य' आपल्याला शाळेत होती, ते नागपूरला असताना राजनांदगावला जायला आगगाडीत बसले, तिथं भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबल दिलं आणि पुढं १८९५ मधी ते ख्रिस्ती झाले. म्हणजे एवढं मोठं प्रकरण सुरू झालं ते आपल्या विदर्भातून निघालेल्या गाडीत! लक्ष्मीबाई मात्र सोवळ्यातल्या घरातल्या, त्यांना हे झेपायला वर्षं लागली, आणि ते सगळं त्या अशा गमतीनं लिहितात की हसावं का रडावं कळत नाही. नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य नंतर ह्याच बाईनं पुरं केलं. तुकड्या-तुकड्यानं वाचायला ह्याच्यासारखं दुसरं नाही, पाईपाच्या हिशोबात एकदम फिट्ट.

खूनच पाहिजे असला तर अगाथा ख्रिस्तीचं १९३८ चं, पोइरो ह्या तिच्या गुप्तहेराचं नाताळचं पुस्तक आहे. तुझ्या खुनांत रक्तच नसतं अशी तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं तक्रार केली होती, म्हणून भाऊजींसाठी तिनं ते भरपूर रक्ताचं लिहिलं. मी जागलीला नेत नाही. दिवसा वाचतो.

आणि पहिलं नेलं होतं ते कोणतं, तर डिकन्सचं 'ख्रिसमस कॅरोल'. एकच घ्यायचं असलं तर हेच घ्या, विकतसुद्धा नका घेऊ, इंग्रजी मूळ प्रत नेटवर फुकट आहे. १९ डिसेंबर १८४३ ला आलं आणि पहिल्या सहा हजार प्रती चोवीस तारखेपर्यंत संपल्या होत्या. त्यात पाच भाग आहेत, म्हणजे दोन-अडीच रात्रीची पाळी. स्क्रूज नावाचा सावकार, त्याचा मेलेला भागीदार मार्ली साखळ्या ओढत येतो, आणि साखळीला काय लटकलेलं असतं, तर गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्त! हे सांगितल्याबरोबर सालदार सरसावून बसला. मग तीन भुतं येतात. मी म्हटलं स्टार्टरच्या पेटीवर तीन लाइटी असतात तसं समजा, एक जरी आलं नाही तरी मोटर चालत नाही. कारकून क्रॅचिटला आठवड्याचे पंधरा शिलिंग पगार, शेगडीत एक कोळसा, लंगडं लेकरू, हे समजावून सांगायची गरजच पडली नाही.

पण काकाजींना लेकराचं जितकं वाटलं नाही तितकं चौथ्या भागातल्या एका जोडप्याचं वाटलं, जे पुस्तकात दीड-दोन पानं असेल. त्यांच्यावर स्क्रूजचं कर्ज आहे. नवरा मुदत मागायला जातो आणि सावकार मेला असं कळतं, तर बायकोच्या तोंडून आधी सुटकेचाच श्वास निघतो, मग ती लाजते. आता दुसऱ्या कोणाच्या नावानं कर्ज जाईल, तोपर्यंत पैशाचं जमेल, आणि नाहीच जमलं तरी नवा धनको एवढा निर्दयी नसणार, असं म्हणून दोघं त्या रात्री हलक्या मनानं झोपतात.

काकाजींनी विचारलं, पण तो तर मेला नाही ना, सुधारला ना शेवटी? म्हटलं हो, ते नुसतं भुतानं दाखवलं होतं. "मंग त्याइच्या कर्जाचं काय झालं?"

मला वाटलं असेल कुठंतरी. तिथंच टॉर्चच्या उजेडात पाचवा भाग परत चाळला. टर्की आहे, भाच्याकडचं जेवण आहे, कारकुनाचा पगार वाढतो, लेकरू जगतं. त्या जोडप्याचं एक अक्षर नाही. दरसाल काकाजी विचारतात आणि दरसाल मी पाहतो.