जी-एचची हजेरी

आठवीत असताना इंग्रजीच्या निबंधात मी 'डॉटर' हा शब्द जी-एच गाळून लिहिला. डी-ए-यू-टी-ई-आर. वही तपासून आली तेव्हा शब्दाखाली तांबडी रेघ होतीच, शिवाय सरांनी मला उभंही केलं.

"मधलं जी-एच कुठे गेलं रे?"

"सर, ते उच्चारात नसतं."

"बोलत नाही म्हणून गैरहजेरी लावलीस?"

वर्ग हसला. आता हा शब्द शंभर वेळा लिहावा लागणार, असं मी धरून चाललो होतो. पण सर म्हणाले, "शेजारच्या वर्गावर संस्कृतच्या बाई आहेत. मुलीला संस्कृतात काय म्हणतात, विचारून ये." बाईंनी चालू तास थांबवून "कन्या, सुता, तनया, आत्मजा, दुहिता" अशी माळच सांगितली. विसरायला नको म्हणून मी ती तळहातावर लिहून आणली. सरांनी माझा तळहात वाचला, पहिले चार शब्द सोडून दिले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'दुहिता' लिहिलं. त्याखाली 'डॉटर'चं स्पेलिंग. द-खाली डी, त-खाली टी आणि ह-च्या बरोबर खाली जी-एच.

त्या दिवशी धडा पुढे सरकलाच नाही. सर सांगत गेले की ही दोन अक्षरं मुळात मुकी नव्हती. घसा खाकरताना निघतो तसा एक खरखरीत 'ख' जुन्या इंग्रजीत होता. जर्मन लोक तो आजही म्हणतात: मुलगी टोख्टर, रात्र नाख्ट, आठ आख्ट. इंग्रजांच्या तोंडून तो गेला, कागदावर जी-एच उरलं. मग त्यांनी एकेक शब्द घेऊन त्याचा संस्कृत भाऊबंद आम्हालाच शोधायला लावला. 'नाइट'ला नक्त सापडला, 'एट'ला अष्ट. 'लाइट' म्हणजे हलका, त्याला लघु, आणि इथे तर जी-एचच्या जागी चक्क घ. (उजेडाचा 'लाइट' निराळा, त्याचं गोत्र वेगळं, हे सरांनी दोनदा बजावलं. तरी परीक्षेत निम्म्या वर्गाने घोळ घातलाच.) इंग्रजीत जिथे जी-एच गप्प बसलंय, तिथे संस्कृतात कधी ह, कधी घ, कधी क, तर कधी ष, पण जागा रिकामी नाही.

आपल्याकडेही घ असाच झिजला. लघुचा प्राकृतात लहु झाला, अक्षरांची अदलाबदल होऊन मराठीत हलका आला. फरक इतकाच की आपण जीभ वळली तसं लिहिणंही वळवलं. इंग्रजांचं तसं झालं नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, आणि पुढच्या दीडदोनशे वर्षांत छापील स्पेलिंग घट्ट होत गेलं. उच्चार मात्र त्याच काळात धडाधड बदलत होते. खरखरीत 'ख' काही शब्दांतून पार पुसला गेला, काहींत त्याचा 'फ' झाला. 'लाफ', 'इनफ', 'रफ' हे त्यातलेच. 'कॉफ' म्हणजे खोकलासुद्धा. तो आपल्या कफाचा कुणी नाही, पण स्पेलिंग कधी न चुकलेला हा माझा एकमेव शब्द.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर जिना काढला. सगळ्यांत खाली टी, आणि पुढे ओ-यू-जी-एच: टफ. वरच्या पायरीवर टी-नंतर एच घातला: दो. आणखी वर एक आर: थ्रू. त्याच्याही वर मध्ये एक ओ: थरो. हा शेवटचा आम्ही 'थरो' म्हणायचो, तर सर ओठ न हलवता 'थरऽ' म्हणून दाखवायचे. एका पायरीला एकच अक्षर वाढतं आणि मागच्या पायरीचा उच्चार पुढच्या पायरीवर अजिबात उपयोगी पडत नाही! जिन्याशेजारी त्यांनी 'कॉफ', 'प्लाउ' आणि 'थॉट' लिहिले आणि खडू ठेवला. चार अक्षरं तीच, उच्चार सात. मला ती रचना तेव्हाही सुंदर वाटली. बाकी वर्गाला डोकेदुखी वाटली, आणि ते चूक होते असं मी आजही म्हणणार नाही.

थोडी शिस्तही होती, ती सरांनी आमच्याकडून काढून घेतली. ओ-यू-जी-एचपुढे टी आला की ऑट: बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट. सगळे भूतकाळ एका ओळीत उभे. मी हात वर करून "पण सर, ड्राउट?" म्हटलं. दुष्काळ. सर म्हणाले, "तो कधी नियमाने येतो का?"

सगळेच जी-एच खानदानी नसतात, हे कळलं तेव्हा मात्र मी मनापासून चिडलो. 'डिलाइट' हा फ्रेंचांकडून आलेला शब्द. त्यात हा आवाज कधीच नव्हता. 'लाइट', 'नाइट'च्या पंक्तीत बसून त्याने जी-एच पटकावलं. 'हॉटी' म्हणजे गर्विष्ठ, त्याचीही तीच कथा. आणि 'घोस्ट'मधला एच कॅक्स्टनच्या छापखान्यातून आला. तो बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात राहिलेला, तिकडच्या फ्लेमिश भाषेत भुताचं स्पेलिंग जी-एचने सुरू व्हायचं. म्हणजे ज्या अक्षरासाठी आम्ही मार्क घालवत होतो, ते कधीकधी नुसत्या सवयीने पडलेलं होतं.

पुढे कधीतरी वाचलं की १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगने वापरायचा हुकूम काढला होता. 'थ्रू' टी-एच-आर-यू, 'दो' टी-एच-ओ. तिथल्या संसदेने विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. आठवीत कुणी सांगितलं असतं तर मी रूझवेल्टचा भक्त झालो असतो. तळहातावर दुहिता लिहिल्यानंतर मात्र मन दोन्हीकडे ओढतं.

जी-एच-ओ-टी-आय म्हणजे 'फिश', हा बर्नार्ड शॉच्या नावावर खपणारा विनोद आम्हीही सरांना ऐकवला. 'इनफ'चा फ, 'विमेन'चा इ, 'नेशन'चा श. सर हसले नाहीत. "शब्दाच्या सुरुवातीला जी-एचचा फ झालेला एक शब्द आणा, मग हसतो." कुणाला मिळाला नाही, मिळणारही नाही. शिवाय हा विनोद १८५५च्या एका पत्रात आहे आणि शॉ जन्मला १८५६ साली.

शाळा सुटताना सरांनी मला एक काम दिलं होतं. आठवा उच्चार शोधायचा. तो सापडायला मला सहा वर्षं लागली: उचकी. 'हिकप' हा शब्द ओ-यू-जी-एच लावूनही लिहितात आणि तरी वाचायचा 'अप' असाच. सर तोवर निवृत्त झाले होते. मी ऐटीत इंग्रजीतून पत्र पाठवलं.

पंधरा दिवसांनी माझंच पत्र परत आलं. तीन ठिकाणी तांबडी रेघ. 'रिसीव्ह'मध्ये ई आणि आय उलटे पडले होते. खाली सरांचं बारीक अक्षर: "उचकीचा खोकल्याशी संबंध लोकांनी मागाहून जोडला, म्हणून हे स्पेलिंग. आठ झाले. नववा आयर्लंडात. तिथे तळ्याला लॉख म्हणतात, एल पुढे हीच चार अक्षरं, आणि तो जुना आवाज तिथे अजून ऐकू येतो. दहापैकी साडेसहा."