नसांची तपासणी करून घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर वारा किंवा शौच रोखता येत नाही म्हणून ज्या बायका माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, त्यांच्यापैकी अनेकजणी विचारतात, "मॅडम, नसांची तपासणी केली की नेमकं कळेल ना?"

थोडंसं कळतं.

गुदद्वाराच्या बाहेरच्या स्नायूला चालवणारी प्युडेंडल नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) माकडहाडाच्या वर असलेल्या सेक्रम या हाडातून निघते. बाळाचं डोकं खाली सरकताना ती ताणली जाते. तिचा वेग मोजायची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९८० च्या दशकात रुळली. हातमोज्याच्या बोटावर इलेक्ट्रोड लावतात, गुदद्वारातून बोट आत घालून नसेला विजेचा हलका झटका देतात आणि स्नायू किती वेळात आकसतो ते पाहतात. निरोगी नसेला साधारण २ मिलिसेकंद लागतात.

अडचण अशी, की ही तपासणी फक्त नसेतल्या सगळ्यात वेगवान तंतूंचा वेग सांगते. बरेच तंतू मेले आणि मोजके धड राहिले, तरी रिपोर्ट नॉर्मल येतो. त्रास खरा असलेल्या बाईच्या हाती असा कागद पडला की घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही तुला." याचा मला फार राग येतो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ सालीच या तपासणीची शिफारस करायचं नाकारलं होतं.

सुईची ईएमजी, म्हणजे सुई टोचून स्नायूतल्या विजेच्या लहरी नोंदवणारी तपासणी, जास्त सांगते. स्नायूच्या नसा तुटून पुन्हा जोडल्या गेल्यात का, हे तिच्यात दिसतं. पण ती दुखते. मणक्याच्या किंवा मज्जासंस्थेच्या आजाराची शंका असेल तरच ती सोसावी, असं माझं मत आहे.

त्याआधी नीट विचारपूस, बोटाने तपासणी, स्नायू फाटलाय का हे बघायला आतून सोनोग्राफी आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री. नसांची तपासणी कुणी सुचवलीच, तर बेधडक विचारा, "रिपोर्टवरून माझे उपचार बदलणार आहेत का?" व्यायाम त्या रिपोर्टसाठी थांबवू नका.

चिकटपट्टीच्या इलेक्ट्रोडची ईएमजी मात्र मला मनापासून आवडते. जोर करताना स्नायू सैल सुटायच्या ऐवजी आवळला जातोय, हे बद्धकोष्ठाच्या पेशंटला स्क्रीनवर स्वतःला दिसतं आणि तो सैल सोडायला शिकता येतं.

आणि मांड्यांच्या मधली जागा अचानक बधिर झाली, लघवी अडली, पाय लुळे वाटू लागले, तर यातलं काहीच करत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, मणक्याचा एमआरआय लागतो.