आधी कागदावर, मग पत्र्यावर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढतोय, काय लिहिणार असा फोन आला तेव्हा मी लगेच सांगून टाकलं, टेक्निकलवर लिहितो. गॅदरिंग, खो-खो, सहल यावर बाकीचे लिहितीलच. पण आपल्या शाळेत टेक्निकल आणि ड्रॉइंग हा विषय होता आणि तो मन लावून शिकवला जायचा, हे कुठंतरी छापून राहायला पायजे असं मला फार वाटतं, कारण आज मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, जे काम करतो त्याचं मूळ तिथंच आहे.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप होतं. लांब बेंच, त्यावर वस्तू घट्ट धरायचे व्हाइस, भिंतीला करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, कानशी ओळीनं टांगलेल्या. पण आत गेल्या गेल्या हत्याराला हात लावायचा नाही हा सरांचा नियम. आधी ड्रॉइंग बोर्ड, शीट, सेट स्क्वेअर आणि टोक काढलेली टू-एच पेन्सिल. पुढनं बघितलेलं चित्र वर, वरनं बघितलेलं त्याच्या खाली, या पद्धतीला फर्स्ट अँगल म्हणतात. वरनं दिसतं ते खाली का काढायचं हे डोक्यात बसत नाही पहिल्यांदा, मग सर खडूचा डबा कागदावर ठेवायचे, तो आपल्याकडं आडवा कलंडवायचे आणि वरची बाजू पुढं आली की म्हणायचे, बघा आता, हीच खाली काढायची. एकदा बसलं की आयुष्यभर बसतं.

नरसाळं आठवतंय सगळ्यांना? रॉकेलचं नरसाळं, प्रत्येक घरात लागायचं. सरांनी विचारलं, तोंड १२ सेंटीमीटरचं पायजे आणि तिरकी बाजू १८, तर सपाट पत्र्यावर काय आखणार? कुणी त्रिकोण काढला, कुणी नुसता गोल. मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा शंकू करून तो कापून उलगडून दाखवला, तर पंख्यासारखा गोलाचा तुकडा निघाला. त्रिज्या १८, आणि कोन किती तर तोंडाची त्रिज्या ६ भागिले १८ गुणिले ३६०, म्हणजे १२० अंश. गणिताच्या तासाला वर्तुळपाकळी घोकून घोकून पाठ केलेली, पण ती कशाला असते ते त्या दिवशी हातात आलं. १२० म्हणजे एका गोलात बरोबर तीन नरसाळी, पत्रा वाया नाही, आम्ही खूश. लगेच सर म्हणाले, जोडाला पट्टी कुठनं आणणार? दोन कडा एकमेकीत अडकवायला सात-आठ मिलिमीटर तरी सोडावे लागतात, ते धरले की तीन बसत नाहीत. मग तोंड थोडं लहान करायचं, का पत्रा मोठा घ्यायचा, का दोनच काढून उरलेल्यात दुसरं काहीतरी बसवायचं? याला पुस्तकात उत्तर नव्हतं, आमच्या आमच्यात भांडून ठरवायचं होतं. मला विचाराल तर डिझाइन म्हणतात ते हेच. पुढं कॉलेजात, नोकरीत त्याला मोठी मोठी नावं ऐकली, पण वेगळं काही नव्हतं त्यात.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सर किती आपुलकीनं सांगायचे. १८६९ साली आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्म. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर रंगकाम सोडलं आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, पुढं मुंबईतच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत तेच शिकवलं. मग बेळगावात सायकलचं दुकान, तिथनं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले तरी सुरुवात इथली, आजही आपण किर्लोस्कर रोडवरनं रोज जातो-येतो. नांगराची गोष्ट सर मुद्दाम सांगायचे. लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली. वस्तू चांगली असून भागत नाही, ज्याच्या हातात जाणार त्याच्याजवळ जाऊन बसायला पायजे, हे सर या गोष्टीवरनं सांगायचे.

तसे आम्ही जाऊन बसलो पण. नववीला प्रोजेक्ट होतं, घरातली एखादी अडचण शोधा आणि त्यावर काहीतरी करून आणा. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं घर वडगावात, मागाचं घर. त्याची आजी दिवसभर जमिनीवर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि संध्याकाळी खांदा धरून बसायची. आम्ही टेप घेऊन गेलो, तर आजी म्हणाली, "काय गा पोरानो, माझं माप कशाला घेऊलालायसा, झंपर शिवतायसा काय!" बसल्यावर कोपर जमिनीपासून किती उंच, हात किती लांब पोचतो, सगळं लिहून घेतलं. रहाटाची मूठ कोपराच्या बरीच खाली होती, त्यामुळं प्रत्येक फेऱ्याला खांदा वाकायचा. मग पुठ्ठ्याचं मॉडेल, मग खोक्याच्या फळ्यांचा रहाटाखाली ठेवायचा स्टँड, मॉर्टिस-टेनन म्हणजे खाचेत जीभ बसवायचा जोड, कारण नुसते खिळे रोजच्या हादऱ्यानं ढिले होतात हे सरांनी आधीच सांगितलेलं. पहिल्या दिवशी आजीनं तो बाजूला सारला, सवय नव्हती. सरांनी सांगितलं, तिला नावं ठेवू नका, उंची कमी करून बघा. एक पट्टी काढली, मग वापरायला लागली. त्या स्टँडला प्रदर्शनात नंबर आला नाही, पण ती माउली शेवटपर्यंत त्यावरच कांड्या भरायची.

आता माझ्या कामाचं सांगतो. फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, वाळूत त्याचा साचा होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे ३०० मिलिमीटरचा जॉब पायजे तर पॅटर्न ३०३ चा. वर मशिनिंगला, म्हणजे मशीनवर तासायला, जादा माल सोडायचा, आणि बाजूंना बारीक उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूची कड तुटते. म्हणजे जे पायजे ते तसंच्या तसं कधीच करायचं नसतं, पुढच्या माणसाच्या हातात त्याचं काय होणार ते आधी बघायचं असतं. आमच्या शॉपमध्ये कानडी, मराठी, उर्दू बोलणारी सगळी माणसं, ड्रॉइंगवर बोट ठेवलं की काम पुढं सरकतं. मराठी मीडियममधनं एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून आलो म्हणून पहिल्या नोकरीत इंग्रजीला घाबरत होतो, पण ड्रॉइंग समोर आलं की घाबरत नव्हतो.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर वगैरे, २० लाखांपर्यंत अनुदान. आपल्या शाळेला मिळाली तर आनंदच आहे, आणि मिळावी. पण प्रिंटर आला म्हणून कानस काढून टाकू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. लाकडाची नस कुठल्या बाजूनं चालते, पत्रा कुठं वाकतो आणि कुठं फाटतो, हे स्क्रीनवर कळत नाही, बोटांना कळावं लागतं.

मागच्या महिन्यात येऊन गेलो तेव्हा शेडमध्ये डोकावलो. व्हाइस अजून बेंचला आहेत, गंजलेत, पण स्क्रू फिरतात. वर्कशॉप परत चालू करूया, तेल-ग्रीस मी आणतो, कानशी आणि पटाश्या नव्या घेऊ, आमच्या बॅचमधले तिघं-चौघं तयार आहेत. शॉपमधले जुने पॅटर्न पण देतो, पोरांना हातात घेऊन बघता येतील. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मिळाले तरी पुरे. सुरुवात नववीपासनं करूया, दहावीच्या पोरांना परीक्षेचं टेन्शन असतं.