चौथी चौकट गप्प का राहिली

रात्री साडेअकराला चार वेब सर्व्हरवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमधली एकच ओळ बदलायची होती. टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलचे अनेक भाग करणारा प्रोग्रॅम) एका विंडोच्या चार चौकटी केल्या, प्रत्येकीत एकेक एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन) उघडलं आणि कंट्रोल-बी, कोलन दाबून ‘सिंक्रोनाइझ-पेन्स’ ऑन केलं. आता टाइप एकदाच करायचं, उमटणार चारही ठिकाणी. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने ओळ बदलली, कॉन्फिग तपासलं, रीलोड मारला. तीन चौकटींत ‘सिंटॅक्स ओके’ दिसलं. चौथीकडे नीट कुणी बघितलंच नाही.

थोड्याच वेळात तक्रार आली: पान कधी नवं उघडतं, कधी जुनं. आधी कॅशेवर (साठवलेल्या जुन्या प्रतींवर) संशय. त्यात वीस मिनिटं गेली. मग लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटणारा) टाळून चारही सर्व्हरवर थेट कर्ल मारलं, म्हणजे कमांडने पान मागवलं, तेव्हा कळलं की चौथ्यावर जुनीच फाइल आहे.

उत्तर समोरच होतं. चौथ्या चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या पट्टीवर ‘४०/१२१२’ असे आकडे. म्हणजे ती कॉपी मोडमध्ये (मागच्या ओळी बघायच्या, कॉपी करायच्या अवस्थेत) होती. टीमक्सच्या आमच्या कॉन्फिगमध्ये माउस ऑन असतो. लॉग बघायला चाक जरा वर फिरवलं की चौकट आपोआप त्या मोडमध्ये जाते. आणि कुठल्याही मोडमध्ये असलेल्या चौकटीला सिंक्रोनाइझ वगळतं. एरर नाही, सूचना नाही. टीमक्सच्या मॅन पेजमध्ये (माहितीपानात) हे एका वाक्यात आहे, पण ते वाचायला रात्रीचा एक वाजावा लागला. क्यू दाबला, चौकट जागी झाली.

दुसऱ्या दिवशी जुना वाद परत निघाला: स्क्रीन (टीमक्ससारखाच जुना प्रोग्रॅम) बरी की टीमक्स? एसएसएच तुटलं तरी काम चालू राहणं दोन्हींत आहेच. स्क्रीन १९८७ची, पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून मूळ रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) नाही. शिवाय तिची कंट्रोल-ए ही कळ बॅशमध्ये (कमांड टाइप करतो त्या शेलमध्ये) ओळीच्या सुरुवातीला नेते, त्यामुळे बोटं अडखळतात. एका बाबतीत मात्र तिला तोड नाही: नेटवर्क स्विचचा सीरियल कन्सोल (केबल जोडून चालवायचा) ती थेट उघडते, पोर्टचं नाव आणि ११५२०० हा वेग एवढं दिलं की झालं. टीमक्सला ते स्वतःहून जमत नाही, आत दुसरा प्रोग्रॅम चालवावा लागतो. म्हणून कन्सोलच्या लॅपटॉपवर स्क्रीन राहिली, बाकी सगळीकडे टीमक्स.

सिंक्रोनाइझ आता फक्त बघण्यापुरतं, टॉप किंवा टेल अशा नुसतं दाखवणाऱ्या कमांडसाठी. बदल अ‍ॅन्सिबलनेच (अनेक सर्व्हरवर एकसारखा बदल करणारं साधन) करायचा. हिस्ट्री-लिमिट (चौकट किती जुन्या ओळी जपते ती मर्यादा) मुळात २००० ओळींची असते, ती ५०,००० केली. पण ती नव्या चौकटींनाच लागू होते, उघड्या असलेल्यांना नाही. टीमक्सच्या त्याच सत्राला जोडलेल्या दुसऱ्याच्या छोट्या पडद्यामुळे आपली विंडो आक्रसली, तर सत्राला जोडणाऱ्या अटॅच कमांडला ‘डॅश डी’ जोडायचं. आणि प्रत्येक चौकटीच्या वरच्या काठावर पट्टी लावली: ‘पेन-इन-मोड’ खरं असेल तर तिथे लाल अक्षरांत ‘थांबली आहे’ असं दिसतं.